परिचर्या संशोधनातील पीएच.डी. आणि ऑनलाइन अध्ययन

परिचर्या संशोधनातील पीएच.डी. (विद्यावाचस्पती) ही रुग्णांची शुश्रूषा, माता-बाल आरोग्य, सामाजिक आरोग्य, मानसिक आरोग्य, परिचारिकांचे शिक्षण आणि आरोग्यसेवेचे व्यवस्थापन या विषयांत स्वतंत्र संशोधन करणाऱ्या व्यक्तीस विद्यापीठाकडून दिली जाणारी सर्वोच्च शैक्षणिक पदवी होय. नोकरी करणाऱ्या परिचारिका व परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापक यांच्याकडून ही पदवी घरबसल्या, ऑनलाइन पद्धतीने मिळवण्याविषयी वारंवार विचारणा होते. भारतात दूरस्थ किंवा पूर्णतः ऑनलाइन पद्धतीने चालणाऱ्या पीएच.डी. अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता नाही. मात्र मान्यताप्राप्त विद्यापीठात अंशकालीन नोंदणी करून अभ्यासाचा काही भाग ऑनलाइन पूर्ण करता येतो. या दोन गोष्टींतील फरक लक्षात न आल्यास उमेदवाराची अनेक वर्षे व मोठी रक्कम वाया जाण्याची शक्यता असते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील मिरजगावसारख्या ग्रामीण भागातील उमेदवारांच्या दृष्टीने या विषयाची माहिती दिली आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत 'नर्सिंग' या शब्दासाठी परिचर्या, शुश्रूषा आणि रुग्णसेवा असे तीन शब्द प्रचारात आहेत. विद्यापीठीय व्यवहारात 'परिचर्या' हा शब्द अधिक रूढ आहे. बोलण्यात मात्र 'नर्सिंग' हाच शब्द सर्वत्र वापरला जातो.

'ऑनलाइन पीएच.डी.' या एकाच नावाखाली व्यवहारात तीन भिन्न गोष्टी येतात.

१. पूर्णतः ऑनलाइन पदवी. यात प्रवेश, अध्यापन, मार्गदर्शन व परीक्षा हे सर्व संगणकावरून होते. भारतात अशा पीएच.डी.स मान्यता नाही.

२. अंशकालीन पीएच.डी. यात उमेदवार नोकरी सांभाळून विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात नोंदणी करतो. काही श्रेयांक, ग्रंथशोध, मार्गदर्शकाशी चर्चा इत्यादी भाग ऑनलाइन होऊ शकतो. विहित अटी पाळल्यास ही पदवी वैध असते.

३. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन किंवा संमिश्र पद्धतीची पदवी. ती त्या देशात मान्य असली, तरी भारतात मान्य असेलच असे नाही.

पीएच.डी. आणि डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस (डी.एन.पी.) या पदव्याही एक नव्हेत. डी.एन.पी. ही प्रामुख्याने अमेरिकेतील व्यावसायिक पदवी असून उपलब्ध ज्ञानाचा रुग्णसेवेत उपयोग करण्यावर तिचा भर असतो. अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये या पदवीचा पुरस्कार केल्यानंतर तिचा तेथे प्रसार झाला. पीएच.डी.मध्ये नवे ज्ञान निर्माण करणे अपेक्षित असते. मानद डॉक्टरेट हा केवळ सन्मान असून ती शैक्षणिक अर्हता मानली जात नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून रुग्णालयांच्या स्वच्छतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे सदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. रुग्णसेवेतील निरीक्षणे नोंदवून त्यांवरून निष्कर्ष काढण्याची परंपरा अशा रीतीने परिचर्येच्या व्यवसायात आरंभापासून आहे.

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. दिल्लीच्या महाविद्यालयास पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव देण्यात आले. याच महाविद्यालयात १९५९ मध्ये पदव्युत्तर आणि १९८६ मध्ये एम.फिल. अभ्यासक्रम सुरू झाला. १९९० च्या दशकाच्या आरंभी देशात परिचर्या विषयातील पीएच.डी. शिक्षणास प्रारंभ झाला. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून मुंबईत कार्यरत आहे.

पीएच.डी.साठी पात्र मार्गदर्शकांची संख्या देशात दीर्घकाळ अत्यल्प होती. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरू येथील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने २००५-०६ मध्ये पीएच.डी.साठी राष्ट्रीय संघ (नॅशनल कन्सॉर्शियम) स्थापन केला. त्याची अभ्यासकेंद्रे विविध राज्यांत आहेत. पदवी देणारे विद्यापीठ एका ठिकाणी आणि अभ्यासकेंद्रे देशभर विखुरलेली, ही रचना दूर राहून शिकू इच्छिणाऱ्या परिचारिकांच्या गरजेशी सर्वांत जवळची आहे. तथापि ती दूरस्थ शिक्षणपद्धती नव्हे. प्रवेश परीक्षा, नोंदणी, मार्गदर्शक आणि प्रबंधाचे परीक्षण हे सारे नियमित पद्धतीनेच होते.

कायदेशीर चौकट

भारतातील परिचर्या शिक्षणाचे नियमन १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमान्वये होत आले. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिपरिचर्या आयोग अधिनियम संमत केला. पीएच.डी. पदवीचे किमान निकष मात्र विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो.

आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. देण्यास मनाई केली. २०१६ च्या विनियमांत ही भूमिका कायम राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या विनियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन्ही पद्धतींचा उल्लेख करून मनाई अधिक स्पष्ट करण्यात आली. याखेरीज मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या २०२० च्या विनियमांत ज्या विद्याशाखा या पद्धतींनी शिकवता येत नाहीत, त्यांच्या यादीत परिचर्येचा समावेश आहे. परिचर्येतील पीएच.डी.चा ऑनलाइन मार्ग अशा प्रकारे दोन्ही बाजूंनी बंद होतो. एकदा पदवीच्या स्तरामुळे आणि दुसऱ्यांदा विषयामुळे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी संयुक्त सूचना प्रसिद्ध केली. शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्या परदेशी संस्थांच्या सहकार्याने देऊ करत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी. अभ्यासक्रमांना मान्यता नाही, विद्यार्थ्यांनी अशा जाहिरातींना भुलू नये, असे तीत नमूद होते.

अंशकालीन पीएच.डी.स २०२२ च्या विनियमांनी स्पष्ट अनुमती दिली आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. उमेदवारास अंशकालीन अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता संशोधनास पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्यास कार्यमुक्त केले जाईल, या तीन बाबी त्या प्रमाणपत्रात असाव्या लागतात. पाळीपाळीने काम करणाऱ्या रुग्णालयातील परिचारिकेसाठी हे प्रमाणपत्र मिळवणे हाच पुष्कळदा पहिला मोठा टप्पा ठरतो.

पात्रता

विद्यापीठे परिचर्येतील पीएच.डी.साठी सामान्यतः एम.एस्सी. (नर्सिंग) ही पदवी मागतात. आयोगाच्या निकषांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्गांतील व दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे.

येथवर पोहोचण्याचा मार्ग दीर्घ आहे. बारावीनंतर चार वर्षांची बी.एस्सी. (नर्सिंग), किमान एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षांची एम.एस्सी. हा त्यातील सरळ मार्ग होय. तीन वर्षांचा जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी (जी.एन.एम.) पदविका अभ्यासक्रम केलेल्या परिचारिकेस आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करून नंतर एम.एस्सी. करावी लागते. उपकेंद्रात काम करणाऱ्या ए.एन.एम. परिचारिकेचा मार्ग याहूनही लांबचा असतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० च्या दशकात सेवेतील परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू केला होता. मुक्त शिक्षण आणि परिचर्या यांची सांगड घालण्याचा तो उल्लेखनीय प्रयत्न होता. त्यातही प्रात्यक्षिके रुग्णालयातच करावी लागत.

नोंदणीपासून पदवीपर्यंतचे टप्पे

प्रवेश. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत संशोधनपद्धती व मुख्य विषय यांना प्रत्येकी ५० टक्के भार असतो. त्यानंतर मुलाखत होते. लेखी परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के महत्त्व दिले जाते.

मार्गदर्शक. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शकाची स्वतःची पीएच.डी. आणि विहित संख्येतील शोधनिबंध या अटी असतात. उमेदवारांच्या मानाने मार्गदर्शक कमी असल्यामुळे गुणवत्ता असूनही जागा न मिळण्याचे प्रसंग येतात.

अभ्यासक्रम. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीती हे विषय त्यात अनिवार्य आहेत.

संशोधन सल्लागार समिती. विद्यार्थ्यास दर सत्रास या समितीपुढे प्रगती मांडावी लागते.

प्रबंध व परीक्षण. प्रबंधाचे परीक्षण मार्गदर्शक आणि किमान दोन बाह्य परीक्षक करतात. अखेर मौखिक परीक्षा होते. पदवी देण्यापूर्वी प्रबंधाची संगणकीय प्रत इन्फ्लिबनेट केंद्राकडे सोपवावी लागते. केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात ती सर्वांना वाचता येते.

कालावधी. किमान तीन व कमाल सहा वर्षे असा कालावधी आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत असून एकूण काळ दहा वर्षांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. प्रसूती व बालसंगोपनासाठी स्त्री-उमेदवारांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. परिचर्येच्या क्षेत्रात स्त्रियांची संख्या मोठी असल्याने या तरतुदींना विशेष महत्त्व आहे.

ऑनलाइन अध्ययनाचे वैध स्थान

संशोधन सल्लागार समितीच्या शिफारशीने आयोगमान्य ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात धरता येतात. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या मंचावर संशोधनपद्धती, जैवसंख्याशास्त्र व अध्यापनशास्त्र यांसारख्या विषयांचे अभ्यासक्रम असतात. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवर तयार केलेला अभ्यासक्रम परिचारिकांना विशेष उपयुक्त आहे. समितीची पूर्वशिफारस नसताना परस्पर पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र ज्ञानात भर घालते. श्रेयांक मात्र त्याने मिळतीलच असे नाही.

ग्रंथशोध हा भाग आज जवळजवळ संपूर्णतः ऑनलाइन झाला आहे. पबमेड, सिनाल आणि कोक्रेन या सूचींमधून जगभरातील परिचर्याविषयक संशोधन शोधता येते. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेमुळे केंद्र व राज्य शासनाच्या सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. पहिल्या टप्प्यात ही सोय शासकीय संस्थांपुरती आहे. परिचर्या महाविद्यालयांत खासगी संस्थांचे प्रमाण मोठे असल्याने तेथील विद्यार्थ्यांना मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांवर आणि आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयावर अवलंबून राहावे लागते.

मार्गदर्शकाशी नियमित चर्चा, प्रकरणांच्या मसुद्यांची देवाणघेवाण आणि आकडेवारीचे विश्लेषण ही कामेही दुरून करता येतात. विश्लेषणासाठी 'आर' व 'जामोवी' या संगणकप्रणाली, तर संदर्भांच्या व्यवस्थापनासाठी 'झोटेरो' विनामूल्य उपलब्ध आहे. २०२२ च्या विनियमांनुसार मौखिक परीक्षाही ऑनलाइन घेता येते.

प्रवेशाची प्रक्रिया, समितीपुढील मांडणी, क्षेत्रकार्य आणि संशोधन केंद्रातील उपस्थिती यांविषयी संबंधित विद्यापीठाचे नियम पाळावे लागतात. त्यांची जागा संगणक घेऊ शकत नाही.

क्षेत्रकार्य आणि संशोधननीती

परिचर्या संशोधनाचा विषय जिवंत माणूस असतो. शस्त्रक्रियेनंतरची वेदना, प्रसूतीनंतरचे औदासीन्य, मधुमेही रुग्णाच्या पायाची निगा किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची देखभाल यांचा अभ्यास रुग्णाच्या सहवासाशिवाय होत नाही. त्यामुळे माहिती संकलित करण्यापूर्वी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी घेणे अनिवार्य असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांच्या संशोधनासही लागू आहेत. संमतिपत्र सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत असावे लागते. सहभागी निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदाराच्या उपस्थितीत संमती घ्यावी लागते. हस्तक्षेपाची परिणामकारकता तपासणाऱ्या चाचणीची नोंद २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीकडे करावी लागते.

भाषेचा प्रश्न येथे तांत्रिक महत्त्वाचा ठरतो. संशोधनात वापरली जाणारी बरीच मापन-साधने मुळात इंग्रजीत तयार झालेली आहेत. उदाहरणार्थ, प्रसूतीनंतरच्या औदासीन्याचा शोध घेणारी एडिनबरा मापनश्रेणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दहा प्रश्न आहेत. असे साधन मराठीत वापरताना एका व्यक्तीने भाषांतर करायचे, दुसऱ्या व्यक्तीने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत आणायचे आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहायचे, अशी पद्धत आहे. त्यानंतर थोड्या सहभागींवर पूर्वचाचणी घेऊन साधनाची विश्वसनीयता तपासली जाते. ग्रामीण स्त्री 'उदास वाटते' असे क्वचितच म्हणते. 'जीव लागत नाही', 'काही गोड लागत नाही', 'डोकं बधिर होतं' अशी तिची भाषा असते. शब्दकोशातील प्रतिशब्द जसाच्या तसा ठेवला, तर प्रश्नाचे उत्तर मिळते, पण दुःख नोंदले जात नाही. प्रश्नावली दुरूनच, केवळ दुव्याद्वारे भरून घेतल्यास हा दोष लक्षातही येत नाही. शिवाय भ्रमणध्वनी व वाचनक्षमता नसलेल्या व्यक्ती नमुन्यातून आपोआप वगळल्या जातात.

ग्रामीण भागातील स्थिती : मिरजगाव परिसर

मिरजगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. जिल्ह्याचा हा दक्षिण भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. शेजारच्या जामखेड, पाथर्डी व बीड पट्ट्याप्रमाणे येथूनही ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर होते.

जिल्ह्यात परिचर्येच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. राहाता तालुक्यातील लोणी येथील प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेस २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे परिचर्या महाविद्यालय त्याच परिसरात आहे. अहिल्यानगरजवळ विळद घाट येथेही परिचर्या महाविद्यालय आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ, म्हणजे १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक येथे आहे. पुण्यातील भारती विद्यापीठ, कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ आणि वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे उच्च शिक्षण व संशोधन संस्था या अभिमत विद्यापीठांतही परिचर्येतील संशोधन चालते. तरीही मिरजगावहून लोणीचे अंतर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. जिल्हा एक असला, तरी नोकरी व घर सांभाळून वारंवार जाणे-येणे सोपे नसते. 'घरबसल्या पीएच.डी.'च्या जाहिरातींचे आकर्षण अशाच ठिकाणी अधिक वाटते.

दुसऱ्या बाजूने पाहता संशोधनाचे विषय मात्र शहरापेक्षा अशा गावांच्या अधिक जवळ आहेत. स्थलांतरामुळे गरोदर स्त्रीच्या तपासण्या व बालकांचे लसीकरण खंडित होणे, ऊसतोड कामगार स्त्रियांचे आरोग्य, टंचाईच्या काळातील पाणी व स्वच्छता, उपकेंद्रातून होणारा दूरध्वनी-सल्ला, आशा कार्यकर्तींवरील कामाचा भार हे प्रश्न येथे नित्याचे आहेत. ऊसतोड कामगार स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. असे प्रश्न सर्वप्रथम ज्यांच्या कानावर येतात, त्यांत गावपातळीवरील परिचारिका असतात.

या परिसरास ग्रामीण आरोग्यविषयक प्रयोगांची परंपराही आहे. शेजारच्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित वा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत प्राथमिक आरोग्यसेवा पोहोचवण्याच्या या कार्यासाठी दोघांना १९७९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची देखभाल करण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही दोन्ही उदाहरणे परिचर्येतील पीएच.डी.ची नाहीत. परंतु दूरच्या गावात राहून, तेथील माणसांमध्ये काम करून जगाने दखल घ्यावी असे ज्ञान निर्माण करता येते, हे त्यांवरून दिसते.

ग्रामीण संशोधकापुढील एक व्यावहारिक अडचण म्हणजे वीज व आंतरजालाची अनियमितता. यावर उपाय म्हणून 'कोबो टूलबॉक्स'सारखी साधने वापरली जातात. त्यांत माहिती आंतरजालाशिवाय भ्रमणध्वनीत साठवून नंतर पाठवता येते. अशी माहिती गोळा करताना सहभागींची नावे व आरोग्यविषयक तपशील सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संशोधकावर असते. याच संदर्भात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमही महत्त्वाचा आहे.

गैरप्रकार आणि टीका

पीएच.डी. ही बढतीची व अध्यापकपदाची पायरी बनल्यामुळे या क्षेत्रात काही गैरप्रकार शिरले आहेत. 'मसुदा लिहून देऊ', 'आकडेवारी तयार करून देऊ', 'आठवड्यात शोधनिबंध छापून देऊ' अशी आश्वासने समाजमाध्यमांवर दिसतात. वाङ्मयचौर्याविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्य असल्यास एक वर्षपर्यंत प्रबंध सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक साम्य असल्यास नोंदणी रद्द होते.

दर्जाहीन नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' यादी सुरू केली. ती २०२५ मध्ये बंद करून नियतकालिकाची निवड करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवर सोपवण्यात आली. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या विनियमांत राहिलेली नाही. विद्यापीठे स्वतःच्या नियमांत तशी अट ठेवू शकतात.

जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना पीएच.डी.चे विहित निकष न पाळल्याबद्दल पाच वर्षे नवे प्रवेश देण्यास आयोगाने मनाई केली. विद्यापीठाला कायदेशीर दर्जा असला, तरी तेवढ्यावरून त्याची प्रत्येक पदवी निर्धोक ठरत नाही, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

ऑनलाइन पीएच.डी.वरील बंदीविषयी दोन मते आढळतात. बंदी शिथिल करावी असे मानणाऱ्यांच्या मते आजच्या व्यवस्थेचा भार ग्रामीण भागातील स्त्रिया, लहान मुलांच्या माता आणि ज्यांना रजा मिळत नाही अशा परिचारिका यांच्यावर अधिक पडतो. चर्चासत्रे, परिषदा व मौखिक परीक्षा ऑनलाइन होऊ शकत असतील, तर उपस्थितीच्या अटींचा फेरविचार व्हावा, असे ते म्हणतात. उलट पक्षाचे म्हणणे असे, की संशोधनाची शिस्त मार्गदर्शकाच्या व सहाध्यायांच्या सान्निध्यात लागते आणि पूर्ण ऑनलाइन पदव्यांना मोकळीक दिल्यास विक्रीयोग्य पदव्यांचा बाजार वाढेल. परिचर्येच्या बाबतीत या वादाला आणखी एक बाजू आहे. सदोष संशोधनावर आधारलेली शुश्रूषेची पद्धत रुग्णालयात रुजल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

परदेशी पदव्या

अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील काही विद्यापीठे परिचर्येतील पीएच.डी. ऑनलाइन किंवा संमिश्र पद्धतीने देतात. परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी परिचारिकांना हा पर्याय तेथील नियमांनुसार उपयोगी पडू शकतो. अमेरिकेत परिचर्या शिक्षणास अधिस्वीकृती देणारा सी.सी.एन.ई. हा आयोग डी.एन.पी. अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देतो, संशोधनपर पीएच.डी.ला देत नाही. त्यामुळे पीएच.डी.च्या बाबतीत संपूर्ण संस्थेची अधिस्वीकृती तपासावी लागते. भारतात परतून अध्यापन करण्याचा मनोदय असल्यास प्रवेशापूर्वीच संबंधित भारतीय नियामक संस्थेकडून पदवीच्या मान्यतेविषयी लेखी माहिती मिळवणे हिताचे ठरते.

वैधतेची पडताळणी

प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी सामान्यतः पुढील बाबी तपासल्या जातात.

• विद्यापीठाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे काय, तसेच आयोगाने प्रसिद्ध केलेल्या बनावट वा प्रतिबंधित संस्थांच्या यादीत ते नाही ना.
• परिचर्या विद्याशाखेत पीएच.डी. देण्याचा अधिकार व संशोधन केंद्र त्या विद्यापीठाकडे आहे काय.
• मार्गदर्शकाचे नाव विद्यापीठाच्या अधिकृत यादीत आहे काय आणि त्याच्याकडे जागा रिक्त आहे काय.
• प्रवेश परीक्षा व मुलाखत प्रत्यक्षात घेतली जाते काय. परीक्षेविना प्रवेशाचे आश्वासन हे धोक्याचे लक्षण मानले जाते.
• शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जमा होते की मध्यस्थाच्या.
• त्या विद्यापीठाचे परिचर्येतील पूर्वीचे प्रबंध 'शोधगंगा' संग्रहात वाचावयास मिळतात काय.

यांतील शेवटची बाब विनाशुल्क व घरबसल्या करता येण्याजोगी आहे. एखाद्या विद्यापीठाचे चार-पाच प्रबंध चाळले, की नमुन्याची निवड कशी केली, नीतिसमितीची मंजुरी जोडली आहे की नाही, मराठी साधनांची पूर्वचाचणी झाली होती काय, हे समजते. त्यावरून तेथील मार्गदर्शनाचा दर्जा उमेदवारास प्रवेशापूर्वीच जोखता येतो.